हिरडीतला परका

१

हिरडीच्या बाटलीतून मूत्रपिंड निघालं, आणि दंतवैद्य प्रयोगशाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. एरवी हा माणूस इतका शांत की त्याच्या खुर्चीत पेशंट झोपी जायचे. आज मात्र त्याने दारावर टकटकसुद्धा केली नाही.

"बाई, मी माझ्या पेशंटच्या हिरडीचा तुकडा पाठवला होता," हातातला अहवाल टेबलावर ठेवत तो म्हणाला. "खालचा जबडा, डावी बाजू. दाढ काढली, तिथली जखम भरली नाही, उलट मांस वर आलं. तुम्ही लिहिलंय की या पेशी मूत्रपिंडाच्या कर्करोगासारख्या दिसतात. आता मला एवढंच सांगा, माझ्या पेशंटच्या तोंडात मूत्रपिंड कोणी ठेवलं?"

भिंगबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. नाव वेगळं होतं, पण गळ्यात दोरीला कायम एक भिंग लोंबत असायचं आणि भाजीवाल्याकडे वांगंसुद्धा त्या भिंगाखाली धरून बघत, म्हणून सगळा दवाखाना त्यांना भिंगबाईच म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"त्याच दिवशी तुमच्याकडे कुणाच्या तरी मूत्रपिंडाचाही तुकडा आला होता," दंतवैद्य पुढे म्हणाला. "मी खाली चौकशी केली. बाटल्यांची अदलाबदल झालीय, दुसरं काही नाही. आणि बाटल्या कोण हाताळतं तेही मला ठाऊक आहे."

कोपऱ्यात मेणबत्ती उभा होता. तुकडे मेणात घालून त्यांचे पातळ काप काढणारा हा तंत्रज्ञ. उंच, किडकिडीत, त्यात दिवसभर मेणात हात, मग दुसरं नाव पडणार तरी कोणतं? त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अशी एक चूक अंगाला चिकटली की कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"घाई कसली आहे तुम्हाला?" भिंगबाईंनी विचारलं.

"परवा सकाळी ऑपरेशन आहे. सर्जन अर्धा जबडा काढणार आहेत. त्यांना तोंडाच्या कर्करोगाचा अहवाल हवाय आणि माझ्या हातात हे. बरं, पेशंट काय करतो माहितीये? बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. जबडा गेला की वाजवणं संपलं. निदान जे कापायचं ते बरोबर तरी कापलं जाऊ दे."

भिंगबाई उठल्या. काचांच्या पेटीतून त्यांनी तुकड्यांचे काप चिकटवलेल्या दोन काचा काढल्या.

"अदलाबदल झाली असेल, तर मूत्रपिंडवाल्या माणसाचाही अहवाल चुकलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकाचा जबडा आणि दुसऱ्याचं मूत्रपिंड, दोन्ही चुकून जाणार. बसा तिथे. आणि मेणबत्ती, तू हलू नकोस."

२

सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या होत्या. एकीला भिंगबाईंनी डोळा लावला, दुसरी दंतवैद्याकडे वळवली.

"वरची कड बघा. थरावर थर रचलेत. हे कशाचं अस्तर?"

दंतवैद्याने नळीला डोळा लावला. मग म्हणाला, "तोंडाचं."

"मूत्रपिंडाला असलं अस्तर नसतं. आता त्याच तुकड्यात खाली या. मध्ये कुठे फट नाही, जोड नाही. पाण्यासारख्या स्वच्छ पेशींचे पुंजके आणि त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. म्हणून तुम्ही तुकडा घेतलात तेव्हा भळाभळा रक्त गेलं असणार."

"गेलं. दाबून धरता धरता माझे हात दुखले."

"तुकडा एकच आहे, आणि तो तुमच्याच पेशंटच्या तोंडातला आहे. बाटल्या बरोबर होत्या." भिंगबाईंनी मान न वळवता म्हटलं, "मेणबत्ती, श्वास घे आता."

मेणबत्तीने तो मोठ्याने घेतला. दंतवैद्य ओशाळला, पण माफी मागायचं त्याला सुचलं नाही, कारण आता प्रश्न आणखी बिकट झाला होता.

भिंगबाईंनी तो त्याच्यापुढे सोप्या शब्दांत मांडला. अशा पेशी दोन ठिकाणच्या असू शकतात. तोंडातल्या लाळेच्या एखाद्या ग्रंथीचा कर्करोग कधीकधी हुबेहूब असा दिसतो. तसं असेल तर रोग इथलाच, आणि सर्जनची सुरी योग्य जागी. पण या पेशी खरोखर मूत्रपिंडातून रक्तावाटे जबड्यात येऊन बसल्या असतील, तर रोगाचं घर वेगळंच आहे. मग जबडा जाईल, क्लॅरिनेट जाईल, आणि रोग मात्र जिथल्या तिथे मजेत राहील.

"रंग लावून ओळखता येत नाही?"

"येतं. तो खास रंग संपलाय, नवा यायला आठवडा आहे."

सर्जनला फोन लावला. तो सरळ माणूस होता, पण वाट बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "बाई, गाठ रोज वाढतेय आणि रोज रक्त जातंय. आठवडा थांबणार नाही. आजच पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रपिंडात गाठ सापडली तर मी हात आखडता घेतो. नाही तर परवा सकाळी."

दुपारी सोनोग्राफीवाल्याचा फोन आला. तो जरा चाचरत बोलत होता.

"बाई, उजवं मूत्रपिंड अगदी स्वच्छ आहे."

"आणि डावं?"

"डावं नाहीच आहे."

३

"खडा होता," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "लग्नाआधीची गोष्ट आहे. मुतखड्याने मूत्रपिंड पार निकामी केलं होतं, म्हणून काढून टाकलं. आमचे दादा सगळ्यांना सांगतात, ह्याच्या पोटात खाण होती म्हणून."

तो हसला तेव्हा ओठ एकाच बाजूने वर गेला. पन्नाशीच्या अलीकडचा, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. शेजारी बायको बसली होती. ती कमी बोलत होती आणि नवऱ्याकडे जास्त बघत होती. भिंगबाईंनी चहा मागवला. चहाचा एक ओघळ त्याच्या हनुवटीवरून खाली आला, गळ्यापर्यंत पोचला, तरी त्याचं बोलणं चालूच. बायकोने रुमाल काढून तो टिपला, जणू काही झालंच नाही अशा सहजतेने.

"हनुवटी बधिर आहे?" भिंगबाईंनी विचारलं.

"डावीकडून. दाढ काढताना डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ते उतरलंच नाही. दाढीच करता येत नाही नीट. कापलं तरी कळत नाही. मी म्हटलं, पैसे वसूल, इंजेक्शन अजून चालू आहे."

दाराशी उभा असलेला दंतवैद्य एकदम म्हणाला, "ह्याचा अहवालाशी काय संबंध?" त्याचे कान लाल झाले होते. भिंगबाईंनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं. हा सकाळपासून इतका का तापलाय, याचा त्यांना अंदाज यायला लागला होता.

"खड्याचं म्हणाल तर पुरावा आहे," म्हणत क्लॅरिनेटवाल्याने खिशातून काडेपेटी काढली. "दादांनी जपून ठेवला होता. शुद्धीवर आलो तेव्हा हातात दिला. बँडात नवीन कुणी आलं की आधी ह्याचं दर्शन."

काडेपेटीत कापसावर एक खडा होता. करवंदाएवढा, राखाडी, गुळगुळीत. भिंगबाईंनी तो चिमटीत धरून एका कोऱ्या काचेवर ठेवला, फिरवून फिरवून भिंगाखाली पाहिला. उजेडात त्याच्यावर बारीक चमचमते कण दिसत होते. त्यांनी तो परत कापसावर ठेवला.

"त्यानंतर कधी त्रास?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही. दादांनी फार काळजी घेतली यांची," ती म्हणाली. "दरवर्षी यांना घेऊन जायचे आणि छातीची एक्स-रे फिल्म काढून आणायचे. फुंकणाऱ्याची छाती आहे, बघून घ्यायला हवी म्हणायचे. आता दोन-चार वर्षं बंद केलंय. डॉक्टरच म्हणाले म्हणे, आता गरज नाही."

सर्जनला पुन्हा फोन गेला. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. "डावं मूत्रपिंड खड्याने गेलं, उजवं स्वच्छ आहे. मग तुमचा मूत्रपिंडाचा कर्करोग आला कुठून? आभाळातून? हा लाळग्रंथीचाच आहे बाई. उद्या संध्याकाळी पेशंट भरती होईल."

नवरा-बायको गेले. भिंगबाईंनी मगाचची कोरी काच दुसऱ्या कामासाठी उचलली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मेणबत्ती, या काचेवर ओरखडे आहेत. किती वेळा सांगितलं, काचा एकमेकींवर घासू नकोस म्हणून."

"बाई, नवीन पाकिटातली होती," मेणबत्ती कळवळून म्हणाला. "आई शप्पथ, मी नाही ओढले ओरखडे."

दिवसातून दुसऱ्यांदा त्याच्यावर आळ आला होता. भिंगबाईंनी मान हलवली आणि काच टोपलीत टाकली. मग कपाटातून पर्स काढली.

"मी जरा बँड ऐकून येते," त्या म्हणाल्या.

४

तालमीचं दालन एका जुन्या गोदामाच्या माडीवर होतं. भिंतीला खुर्च्या, कोपऱ्यात ढोल, आणि मधोमध छडी घेतलेले दादा. क्लॅरिनेटवाल्याचे थोरले भाऊ आणि बँडचे मास्तर. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्याला यांनीच वाढवलं, हे बायकोने जाता जाता सांगितलं होतं.

तालीम थांबेपर्यंत भिंगबाई ट्रम्पेटवाल्याशेजारी बसल्या. तो तोंडाला लावायचं टोक पुसत होता.

"तुम्हीही जन्मभर फुंकताय," त्या म्हणाल्या. "तुमच्याही छातीची फिल्म काढतात का दादा दरवर्षी?"

"माझी?" ट्रम्पेटवाला हसू दाबत म्हणाला. "आमचे दादा चहासुद्धा अर्धा कप पाजतात. फिल्म कोण काढणार?"

"बाकी कुणाची?"

"ऐकलं नाही कधी."

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं आता नक्की होतं. दादा जवळ आले. सत्तरीला टेकलेले, ताठ, इस्त्रीचा सदरा. धाकट्याच्या ऑपरेशनचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"जबडा वाचणार नाही का?" त्यांनी विचारलं. "मी त्याला हे वाद्य हातात दिलं तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते हो."

"शेवटचं कधी वाजवलं त्यांनी?"

"वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात. तिथेच सूर फाटायला लागला. ओठ पकडच घेईना, फुंकर बाजूने निसटायची. मग मी त्याला झांजांवर बसवला. रागावला माझ्यावर, दोन दिवस जेवायला आला नाही."

"म्हणजे दाढ काढल्यानंतर?"

"छे. दाढ नंतर हलायला लागली. झांजा वाजवून दणक्याने हलली म्हणून चेष्टा करायचे सगळे त्याची."

भिंगबाईंनी मनात क्रम लावला. हनुवटी इंजेक्शनाने बधिर झाली नव्हती. आधी ओठ आणि हनुवटी बधिर झाली, म्हणून सूर फाटला, मग दाढ हलली, मग दाढ काढली. म्हणजे आपल्या सुईने नस दुखावली असं समजून दंतवैद्य बिचारा उगाचच स्वतःला अपराधी मानत सगळ्यांवर खेकसत होता. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. रोग हिरडीवर उगवून आत शिरला नव्हता. तो जबड्याच्या हाडात आधी होता, नस दाबत होता, आणि दाढ निघाल्यावर त्याला बाहेर डोकवायला वाट मिळाली. हाडाच्या आत तो रक्तातूनच पोचला असणार, कुठून तरी लांबून.

"दादा, मूत्रपिंड कशासाठी काढलं होतं?"

"खडा होता," दादा म्हणाले.

"नुसता खडा?"

"सांगितलं ना, खडा." त्यांनी छडी उचलली आणि पाठ फिरवली. "तालीम राहिलीय आमची."

भिंगबाई जिना उतरायला लागल्या. मधल्या वळणावर त्यांचे पाय थबकले. ओरखडे. काच नवीन होती, मेणबत्ती शपथेवर सांगत होता, आणि त्या काचेवर दुसरं काहीही ठेवलं गेलं नव्हतं. मुतखड्याने काचेवर ओरखडा उमटत नाही, तो तेवढा कठीण नसतोच. त्या तशाच मागे वळल्या आणि दालनाच्या दारातून म्हणाल्या:

"दादा, उद्या दुपारी माझ्याकडे या. आला नाहीत, तर परवा सकाळी तुमच्या भावाचा जबडा तुमच्या गप्प बसण्यामुळे जाईल."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत दाटी झाली. क्लॅरिनेटवाला, त्याची बायको, दंतवैद्य आणि काचांच्या पेटीमागे मेणबत्ती. सर्वांत शेवटी दादा आले आणि बसले नाहीत. संध्याकाळी भरती व्हायचं म्हणून बायकोने कपड्यांची पिशवी सोबतच आणली होती.

"ही बाहेर बसू दे," दादा म्हणाले.

"ती इथेच बसेल," क्लॅरिनेटवाला म्हणाला. थोरल्या भावाला त्याने असं याआधी कधी तोडलं असेल, असं वाटलं नाही.

भिंगबाईंनी आडवळणाने बोलायचं टाळलं. आधी त्या दंतवैद्याकडे वळल्या. हनुवटी इंजेक्शनाच्या आधीपासून बधिर होती हे कळताच त्या माणसाने भिंतीला टेकून डोळे मिटले. इतके दिवस तो झोपला नव्हता, हे त्याने तेव्हा कबूल केलं. मग त्यांनी काडेपेटी मागून घेतली, खडा काढला आणि सर्वांसमोर एका नव्या काचेवरून ओढला. करकर आवाज आला. पांढरी रेघ उमटली.

"मुतखडा असं करत नाही. हा नदीकाठचा किंवा रस्त्याच्या कडेचा साधा खडा आहे. काल ज्याच्यासाठी मी मेणबत्तीला बोलले, तो ओरखडा ह्याचाच. माझं चुकलं, मेणबत्ती." मग त्या दादांकडे वळल्या. "मूत्रपिंड काढलं हे खरं, कारण ते पोटात नाही. पण खडा खोटा. ज्याला खरा खडा दाखवता येत नाही, त्याने दुसरंच काहीतरी झाकलेलं असतं. आणि खड्यासाठी दरवर्षी छातीची फिल्म कुणी काढत नाही. ती काढतात मूत्रपिंडाच्या कर्करोगानंतर, कारण तो पसरला तर बहुतेक वेळा आधी छातीत जातो. सगळ्या बँडात तुम्ही एकट्या धाकट्याचीच छाती तपासत होतात. मग डॉक्टर म्हणाले असतील, आता इतकी वर्षं गेली, बास. पण हा रोग फार चिवट आहे. कधीकधी तो दहा-वीस वर्षं दडी मारतो आणि छाती सोडून भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतो. यावेळी जबड्यात काढलं."

त्यांनी खडा परत काडेपेटीत ठेवला.

"ह्यातलं एकही सर्जनला पुरणार नाही. खड्यावरून आणि फिल्मवरून तो सुरी खाली ठेवणार नाही. तेव्हा काय निघालं होतं ते तुम्हीच सांगायला हवं. मी फोन लावते."

त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून सर्जनचा आवाज आला, "बोला बाई." दादांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे. भिंगबाईंना त्या क्षणी भीती वाटली की हा म्हातारा आतासुद्धा तोंड उघडणार नाही, आणि डोळ्यांदेखत सगळं हातचं जाईल.

"दादा," क्लॅरिनेटवाला म्हणाला, "माझी हनुवटी गेलीय. निदान जबडा राहू दे."

"कर्करोग होता," दादा फोनकडे बघत म्हणाले. "डाव्या मूत्रपिंडाचा. वेळेवर सापडला, पूर्ण निघाला, असं म्हणाले होते. मी डॉक्टरांचे पाय धरले, ह्याला सांगू नका म्हणून. खडा मी खालून, दवाखान्याच्या बागेतून उचलला."

"मग ऑपरेशन रद्द," सर्जन म्हणाला. आवाजातली घाई गेली होती. "आधी सबंध शरीराचा स्कॅन करू. बाई, मी उगाच घाई करत होतो." फोन बंद झाला.

क्लॅरिनेटवाल्याने दोन्ही हातांनी आपला जबडा धरला, जणू तो आत्ताच परत मिळाला होता. "म्हणजे मी बरा होणार?"

"तसं मी म्हणणार नाही," भिंगबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्या खोलीत आता ते शोभलंही नसतं. "रोग रक्तात फिरून आलाय. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, जबड्याला किरणांचा शेक देता येतो. त्यांवर बरेच लोक बराच काळ चांगले राहतात. तुमचं किती ते मला सांगता येणार नाही. पण उद्या जबडा जात नाही."

त्याने मान डोलावली. डोळ्यांतून आलेलं पाणी डाव्या हनुवटीपर्यंत पोचलं ते त्याला कळलं नाही. या वेळी बायकोनेही ते पुसलं नाही. ती दादांकडे बघत होती.

"लग्न ठरलं होतं तेव्हा आमचं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाले. "तुझ्या वडिलांना कळलं असतं तर मोडलं असतं. ह्याला पुन्हा कोण मुलगी देणार होतं? माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं गं. तू मला पोटच्या पोरीसारखी..."

"ते राहू द्या." तिचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, ह्याचा मी आत्ता विचार करतेय. मला वाटतंय, म्हटलं असतं. पण इतक्या वर्षांनी, ह्यांच्याशेजारी बसून, असं वाटणारच. तेव्हा खरंच काय म्हटलं असतं, ते आता मलाही कळणार नाही. माझं 'हो' तुम्ही मला न विचारताच नेलंत, दादा."

दादा बसले. भिंतीशी एकच स्टूल होतं, ते मेणबत्तीने पुढे केलं होतं. त्यांनी हात जोडले आणि तिने ते पाहिले की नाही ते कळलं नाही.

तिने उठून कपड्यांची पिशवी उचलली, नवऱ्याच्या दंडाला धरलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"चला दादा," ती म्हणाली. "स्कॅनवाले जुन्या ऑपरेशनचं विचारतील. आम्हा दोघांनाही त्यातलं काही माहीत नाही. सगळं तुम्हीच सांगायचं."